डब्यावरची कोळीण आणि भिंतीवरची मी

मी, श्रीमती कमळ तुळशीदास चिखले, वय ७८, राहणार वर्सोवा कोळीवाडा, अंधेरी (पश्चिम), पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दटावणीशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. मला दटावणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे.

१. राहते घर मुलगा परेश व सून नमिता यांना समाईक. नमिताने माझ्या पाट्याला नाक मुरडू नये. मिक्सर बंद पडला की तोच लागतो.

२. मासळीबाजारातला माझा ओटा आणि कोयता नात कल्पिता हिला. ती बँकेत नोकरी करते, पण भाव करताना आवाज माझाच लागतो.

३. मसाल्याच्या डब्यावरचे माझे चित्र. हे कलम नीट वाचावे. तरुणपणी एका मसाला कंपनीसाठी चित्रकार श्यामसुंदर यांनी मला बाजारात समोर बसवून काढलं. छान काढलं होतं. कंपनीवाले म्हणाले, "ही कोळीण वाटत नाही." मग माझा चष्मा गेला, कमरेवर हात आला, एक डोळा मिचकावला गेला आणि हातात वल्हं दिलं. आमच्यात वल्हं पुरुष मारतात, बायका बाजार सांभाळतात. डबा पाहून माझे यजमान म्हणाले होते, "आता मी घरी बसू काय गं?" त्याच कंपनीच्या कॉफीवर लांब शेंडीचा मद्रासी होता. तोही बिचारा घरी साधा भांग पाडत असणार.

हे चित्र परेशने मोठे करून चौकटीत घातले आहे. "आये, यात झकास दिसतेस. पुढे हाच फोटो लावू," म्हणतो. पुढे म्हणजे कधी, ते मला कळतं. राग येतो रे, आणि वाईटही वाटतं. माझ्यामागे त्या डोळा मारणाऱ्या बाईला हार घालाल आणि पणतवंडं तिलाच पणजी समजतील. सबब, ते चित्र हवे तर न्हाणीघराबाहेर लावावे. हार घालू नये. वकील म्हणाले, असली वाक्यं मृत्युपत्रात बसत नाहीत. बसवा म्हटलं.

४. भिंतीवर कल्पिताने मोबाइलवर काढलेला फोटो लावावा. त्यात मी ओट्यावर बसले आहे, चष्मा घसरला आहे, तोंड उघडं आहे आणि उजवा हात वर आहे. पापलेट दाबदाबून पाहून, न घेताच निघालेल्या गिऱ्हाइकाला हाकलायला तो उचलला होता. पण माझ्या माणसांपैकी कुणी समोर वाकलं, तर तो आशीर्वाद समजावा.

हे सर्व माझेच बोल आहेत. दोघांच्या देखत सही करते.

सही: कमळ तुळशीदास चिखले

साक्षीदार:
१. सुनंदा लवू तांडेल, शेजारीण
२. प्रबुद्ध सोनावणे, वकील

स्थळ: वर्सोवा, मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४