धाकटीचे स्नायू

३ जानेवारी
सूनबाईने मला न विचारता व्यायामकेंद्रात माझं नाव घातलं. साठीपुढच्या बायकांसाठी बारा आठवड्यांचा कोर्स. साफ नाही म्हणाले. मला कसला व्यायाम? लग्नातला ब्लाउज अजून होतो. हुक लागत नाहीत एवढंच. मग कळलं, धाकटी जाऊसुद्धा येतेय. म्हटलं, येते. तिचं वजन अडुसष्ट, माझं अठ्ठेचाळीस. तिच्या शेजारी नुसतं उभं राहिलं तरी काम झालं.

५ जानेवारी
केंद्रात एक मशीन आहे. अनवाणी उभं राहून दोन दांड्या धरल्या की चरबी किती, स्नायू किती, सगळं छापून देतं. माझी चरबी सदतीस टक्के. धाकटीची पस्तीस! व्यायाम घेणाऱ्या फिजिओला म्हटलं, कागदांची अदलाबदल झालीय. ती म्हणाली, मावशी, बारीक असणं वेगळं आणि भक्कम असणं वेगळं. धाकटी चाळीस वर्षं कापडदुकानात तागे उचलतेय, म्हणून तिचे स्नायू टिकलेत म्हणे. मी पोस्टाच्या काउंटरवर पस्तीस वर्षं शिक्के मारले, ते कुठे गेले?
मशीन दुकानदारांच्या बाजूचं आहे.

६ जानेवारी, सकाळी ६
संकल्प. रोज पाच हजार पावलं. एक किलोची डंबेल्स, मग दोन, मग तीन. मार्चअखेर धाकटी मागे.

६.२०
बाहेर गारठा आहे. उद्यापासून.

१९ जानेवारी
पावलं आणि नाडी मोजायला मनगटाला पट्टा दिलाय. धाकटीची आठ हजार, माझी अकराशे. तिचा पट्टा सढळ दिसतोय.
रात्री शोध लागला. मालिका बघताना हात हलवत राहिलं तरी पावलं पडतात. हातही शरीरच आहे.

२ फेब्रुवारी
नऊ हजार दोनशे! धाकटीच्या नाकासमोर पट्टा धरला. "ताई, कमाल केलीत तुम्ही!" म्हणाली आणि चक्क मनापासून खूश झाली. जळायला काय झालं होतं हिला? दिवस वाया गेला.

१४ फेब्रुवारी
फिजिओने सगळ्यांसमोर विचारलं, एवढं चालताना नाडी अडुसष्टच्या वर कशी जात नाही? आणि रोज आठ ते साडेनऊच कसं चालता? म्हटलं, माझं हृदय मुळातच शांत. बाकीच्या फिदीफिदी हसल्या. धाकटी हसली नाही, खाली बघत राहिली. हसली असती तर बरं झालं असतं.

१ मार्च
हात न टेकता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, याची चाचणी. धाकटी सोळा. मी चार, पाचवी जवळजवळ. खुर्ची बुटकी होती.
जेवताना ह्यांनी बातमी दिली, धाकटी दोन पिशव्या घेऊन तीन जिने न थांबता चढते. ह्यांना कोणी विचारलं होतं? आठवडाभर अबोला धरायचा.

८ मार्च
अबोला संपला. ह्यांच्या लक्षातच आला नव्हता.

३० मार्च
शेवटचं मोजमाप. धाकटीचे स्नायू आठशे ग्रॅमने वाढले. माझे तीनशेने घटले.
कपडे बदलायच्या खोलीत तोंडातून निघून गेलंच. "तुला काय गरज होती इथे यायची? मला खाली दाखवायलाच आलीस ना?"
ती बुटाच्या नाड्या बांधत होती. हळूच म्हणाली, "तुमच्या सूनबाईने गळ घातली, ताई. दिवाणखान्यात पडलात तेव्हा डॉक्टर हाडांचं बोलले होते. ती म्हणाली, काकू, तुम्ही आलात तरच आई येतील. तुम्हाला हरवायला का होईना, हातपाय हलवतील."
पडले नव्हते मी. बसले होते. जरा जोरात.
घरी गेल्यावर सूनबाईला चांगलं झापणार होते. ती पाठमोरी भांडी लावत होती. म्हटलं, उद्या. डोकं दुखत होतं म्हणून.

३१ मार्च, सकाळी ६.३०
कोर्स संपला, तरी धाकटी फाटकाशी हजर. म्हटलं, चल. तिच्या वेगाने चालले. दुसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत. मग ती माझ्या वेगाने चालायला लागली.
दमली असणार.