गोविंदाशेजारी काली

मी नंदराणी, कैलासवासी सुबल प्रामाणिक यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा विणकाम, राहणार तांतीपाडा, शांतिपूर, जिल्हा नदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डोळे अधू झाले तरी डोकं ठिकाणावर आहे. कालच मी मागावरचा तुटलेला धागा नुसत्या बोटांनी शोधून सांधला. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

कचेरीतला लेखनिक म्हणाला, "माशीमा, आधी घर लिहा, मग पैसे. देवांचं शेवटी एका ओळीत उरकू." मी म्हटलं, "बाबा, ज्यांच्यामुळे घर उभं राहिलं ते शेवटी कसे येतील?" म्हणून देव आधी.

कलम पहिले. माझ्या ठाकुरघरात तीन दैवतं आहेत. मधोमध राधा-गोविंद, अष्टधातूचे, सासरचे, चार पिढ्यांचे. त्यांच्या उजवीकडे माझी काली, कसोटीच्या दगडाची, वीतभर उंच. डावीकडे मनसादेवीचा, म्हणजे सापांच्या देवीचा घट, तो सूनबाई शेफालीचा. या तिघांच्या सेवेचा हक्क मी शेफालीला देते, आणि तिच्या मागे ती नेमेल तिला. या तिघांना कोणी वेगळं करू नये, विकू नये, काचेच्या कपाटात शोभेला ठेवू नये.

हा हक्क माझ्याकडे कसा आला ते लिहिणं भाग आहे, कारण माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा बलराम गोविंदावर दावा सांगतो.

मी १९६६ साली गंगा ओलांडून कालन्याहून या घरात आले, सतरा वर्षांची. वडिलांनी ओटीत काली दिली होती. सासूबाई विष्णुप्रिया तुळशीची कंठी घालणाऱ्या कट्टर वैष्णव; सुनेला त्या बौमा म्हणत. त्यांनी ओटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "बौमा, आमचा गोविंद दूध-बत्ताशांवर वाढलेलं पोर. ही जीभ काढलेली बाई शेजारी बसली तर दचकेल." काली मागाच्या खोलीतल्या कोनाड्यात गेली. तिथे ती एकवीस वर्षं राहिली. रोज पहाटे एक तांबडी जास्वंद वाहायची आणि मगच पहिला धोटा फेकायचा, हा माझा नेम. नवऱ्याने त्याला कधी हरकत घेतली नाही.

१९८५ साली सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. बलरामच्या आईने, माझ्या जाऊबाई हरिदासींनी, चार दिवस गोविंदाची सेवा केली, पाचव्या दिवशी त्यांची कंबर धरली. मी वैष्णव दीक्षा घेतलेली होतीच, म्हणून सेवा माझ्याकडे आली. पहाटे उठवणं, स्नान, नेसवणं, भोग, दुपारची झोप, उन्हाळ्यात पंखा. सासूबाई पलीकडच्या खोलीतून तपासणी करत.

"आज काय नेसवलंस?"

"आकाशी धोतर. जरीचा काठ."

"बाजारचं?"

"नाही मा. मी विणलं."

खरोखरच मी विणलं होतं. नवऱ्याने माझ्यासाठी हातभर रुंदीचा माग केला होता, फक्त देवांच्या कपड्यांसाठी. चार बोटं पन्ह्याचं धोतर, त्यावर भुंग्यांच्या नक्षीचा भोमरा काठ. शांतिपुरात साड्या विणणारे पुष्कळ आहेत. एवढ्याशा कापडावर एवढा काठ उतरवणारे हात माझे, हे मी अभिमानाने लिहिते. त्यात नम्रपणा करण्यासारखं काही नाही.

दोन वर्षं गेली. सासूबाई काठीने चालू लागल्या. कार्तिकी पौर्णिमेच्या रासोत्सवाच्या आदल्या दिवशी पुरोहित आले आणि अंगणातच थांबले. जाऊबाईंनी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "या घरात काली आहे असं ऐकतो. तिला गंगेत सोडा, तरच मी आत येईन." नवरा खाली मान घालून उभा होता. मी म्हटलं, "काली गंगेत गेली तर मी तिच्यामागून कालन्याच्या होडीत बसेन. मग गोविंदाला कोण उठवतं ते बघा."

सासूबाई उठल्या. काठी टेकत मागाच्या खोलीत गेल्या. एकवीस वर्षांत त्यांनी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. परतल्या तेव्हा पदरात काली होती. सरळ ठाकुरघरात जाऊन त्यांनी ती गोविंदाच्या उजवीकडे बसवली आणि पुरोहितांना म्हणाल्या, "गोसाईं, ही पोर दोन वर्षं माझ्या गोविंदाला न्हाऊमाखू घालते. एकदाही म्हणाली नाही, की बदल्यात माझ्या कालीआईला आत घ्या. लाज मला वाटायला हवी होती, ती मला फार उशिरा वाटली. तुम्हाला यायचं तर या." ते आल्या पावली परत गेले. मग साऱ्या गल्लीसमोर त्या म्हणाल्या, "आजपासून सेवा बौमाची. माझ्यामागेही तिचीच." त्या सालचा रास मी केला. तेव्हापासून छत्तीस वर्षं एक दिवस खंड नाही.

माहेरी कालीला मासा लागे. इथे ती खिचडीवर राजी झाली. सासूबाई म्हणत, "बघ, सासरी आल्यावर तिलाही जुळवून घ्यावं लागलंच की!"

पुरोहितांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची नात अडल्यानडल्या दिवशी आपल्या गोपाळासाठी माझ्याकडून कपडे नेते. ते तिला द्यावेत, आणि जुनी गोष्ट काढू नये. मी एकदा तिच्यासमोर काढली होती. तेवढं पुरे.

कलम दुसरे. बलरामला जाऊबाईंची पितळी समई द्यावी. ती त्यांचीच आहे. गोविंदाच्या बाबतीत त्याला काहीही नाही. तो म्हणतो, "काकी, आमची शाखा थोरली." असेल. गोविंद शाखा बघून उठत नाही, हाक ऐकून उठतो.

कलम तिसरे. घर, मागाची खोली आणि मोठा माग मुलगा निमाईला. पोस्टातली शिल्लक आणि माझ्या बांगड्या मुलगी ललिताला. देवांचा लहान माग शेफालीला. तिला काठ अजून नीट जमत नाही, जमेल.

निमाईने हे वाचलं आणि रुसला. "मा, गोविंद माझ्या बापाचा. आणि तू तो परक्या घरच्या पोरीच्या हातात देतेस?"

"अरे, मी कोण होते?"

"मग मी काय करायचं?"

"तू दूध आण. ताजं आण. आणि ती नेसवत असेल तेव्हा मध्ये बोलू नकोस."

शेफाली हसली. तो हसला नाही, पण संध्याकाळी दूध आणलं.

एक कबुलीही इथेच देते. शेफाली लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातात मनसादेवीचा घट होता, आणि मी म्हणाले, "आता सापांनाही घरात घ्यायचं का?" तिने घट मुकाट्याने खाटेखाली ठेवला. तीन रात्री मला झोप लागली नाही. चौथ्या पहाटे मीच तो उचलून डावीकडे बसवला. सासूबाईंना एकवीस वर्षं लागली, मला तीन दिवस. याचाही मला अभिमान आहे, पण ते तीन दिवस मला माफ नाहीत.

म्हणून कलम चौथे. या घरात यापुढे जी सून येईल ती जो देव घेऊन येईल, त्याला त्याच दिवशी ठाकुरघरात जागा द्यावी. जागा कमी पडली तर भिंत पाडावी. घर या अटीवरच निमाईचं आहे.

कलम पाचवे. मी गेल्यावर घरात सुतक असेल. सुतक फिटेपर्यंत सेवा शेजारच्या पारुल बसाकने करावी. मी तिला सगळं शिकवलं आहे, तिने होकार दिला आहे. मला उचलायची वेळ आणि गोविंदाची उठायची वेळ एकच आली, तर गडबड करू नये. पारुलने आधी त्याला उठवावं, नेसवावं, भोग दाखवावा. तोवर मला अंगणात ठेवावं. मी थांबेन. मला घाई नाही.

हे सर्व मी वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही केली.

नंदराणी प्रामाणिक

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. पारुल बसाक, शेजारीण
२. डॉ. अनिमेष कुंडू, ज्यांनी माझी नाडी पाहून मी शुद्धीत असल्याचं लिहून दिलं

स्थळ: शांतिपूर
तारीख: १९ नोव्हेंबर २०२३