उशाजवळचा बोर्ड

अण्णा,

तुम्ही गेलात त्याच खोलीत मी झोपतो आता. खाट तीच आहे, भिंतींना रंग नवा, आणि उशाशी एक बोर्ड बसवलाय. त्यात मोबाईल, डासांचं मशीन, उन्हाळ्यात कूलर आणि माझं श्वासाचं मशीन. हसू नका. झोपेत माझा श्वास थांबतो म्हणे, म्हणून ते रात्रभर नळीतून नाकात हवा सोडतं. चौसाळ्याच्या रस्त्यानं भर दुपारी सवारी भरलेली जीप चालवताना माझा डोळा लागला आणि गाडी शेतात उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण बीडच्या डॉक्टरांनी ठणकावलं, मशीन लावून झोपायचं, नाहीतर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. जीप बंद म्हणजे घर बंद, हे तुम्हाला काय सांगायचं.

तर हे मशीन रोज सकाळी बंद सापडायचं. मास्क उशीखाली, पिन बाहेर. आधी वाटलं, अडॅप्टर जड, साकेट ढिलं, ओघळून पडत असेल. तुमच्यासारखी काडीपेटीची काडी खुपसून पाहिली. मग वायरमनला बोलावून साकेटच बदललं. तो म्हणाला, "आता बैल जुंपून वढली तरी निघायची न्हाई." दुसऱ्या दिवशी पिन पुन्हा बाहेर. मी उगाच बायकोवर खेकसलो. ती म्हणाली, "मला काय दुसरे उद्योग न्हाईत का? वायर बघा की जरा." बघितली. वायर कोपराला वेढे घालून, टोकाला गाठ मारून टेबलावर ठेवलेली. अशी वायर घरात तुम्ही गुंडाळायचात, आणि तुमचं बघून आई.

शेजारची काकू कूलरला चिकटून गेली त्या उन्हाळ्यापासून तुमचा नियमच होता, झोपायच्या आधी घरातली पिन न् पिन काढायची. मी एकदा चालू कूलरमध्ये घागर ओतायला गेलो तर तुम्ही असं थोबाडलंत की दिवसभर कान वाजत होता. वरून म्हणालात, "मेल्यावर रडायचं कुणी, आमी?" हे आठवतं तेव्हा कान आठवतो, तुमचा चेहरा नाही आठवत.

आई ओसरीवर मेथी निवडत होती. म्हणलं, "आई, पिन तू काढतीस का?"

"मग? त्यांनीच सांगितलेलं हाय."

"अगं, त्या मशीनवर माझा श्वास हाय!"

तिनं मान वर केली नाही. पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "तू मशीन लावलं की तुझा आवाजच येत न्हाई. ह्यांचं घोरणं त्या राती थांबलं, तवा मला वाटलं, बरं झालं बाई, आज तरी निवांत झोप लागंल. लई गाढ झोपले मी. सकाळी हात लावला तर थंडगार." जुडी बाजूला सरकवली तिनं. "पिन काढली की तू घोरतो. मग कळतं मला, हायेस म्हणून."

रडू येईल असं वाटलं, आलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही आलं नव्हतं. आत सगळं बधिर पडलंय, दात काढल्यावर गाल असतो तसं. उठलो आणि वायरमनला फोन केला. बोर्ड आता कपाटाच्या मागं आहे, इन्व्हर्टरच्या लाईनवर. आईचा हात तिथं पोचत नाही. मशीन रात्रभर चालतं, माझी झोप होते, जीप रस्ता सोडत नाही. आईची झोप मात्र गेली. डोळे खोल गेलेत तिचे, भाकरी थापता थापता डुलकी घेते. तव्यावर हात पडायचा एखाद्या दिवशी.

म्हणून दुपारी जेवायला आलो की मी त्याच खाटेवर मशीन न लावता आडवा होतो, दार उघडं टाकून. आई उंबऱ्याशी हाताची उशी करून कलंडते. थोड्या वेळानं माझं घोरणं सुरू होतं आणि तिला झोप लागते. बायको म्हणते, बघा, मायलेकरं कशी पडलीत.

हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, म्हणून सांगतो. रात्रीची झोप झालेली असते, दुपारी मला झोप येतच नाही. पंख्याकडं बघत घोरतो मी, तुमच्यासारखं, आधी बारीक शिट्टी, मग खर्जात. घसा दुखून येतो, पण ती उठेपर्यंत थांबायची हिंमत होत नाही.