फाटकापासून ओसरीपर्यंत साठ फूट

६ नोव्हेंबर
साठ फूट! आज स्वतः टेप धरून मोजलं. या पावसाळ्यात माझी सफारीची जिप्सी अंगणातच चारदा फसली. मोहर्लीत वाघ पाहाले आलेले पर्यटक माझी गाडी ढकलत होते – लाज वाटली. बस झालं, फाटकापासून ओसरीपर्यंत काँक्रीट टाकायचंच. खर्च किती, मले काहीच माहीत नाई.

७ नोव्हेंबर
लटारूभाऊ मिस्त्री आले. साठ लांब, दहा रुंद, सहा इंच जाड – तीन ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे आजच समजलं! चौरस फुटाले एकशे दहा, मजुरीसकट. सहासष्ट हजार!
सहा इंच काऊन, चार का नाई? तर म्हणे, गाडी चढणार हाय बाई, माणूस नाई. खाली मुरूम किती, पाणी किती दिवस मारायचं – मी विचारतच राह्यली. त्यांचा चहा थंड झाला.

८ नोव्हेंबर
सासूबाई बोलत नाईत.

९ नोव्हेंबर
बोलल्या. रोज सांजच्याले त्या ती वाट झाडून ठेवतात. सकाळी दार उघडायच्या आधी खिडकीतून पाहतात, रात्री कोण येऊन गेलं. चितळ, डुक्कर, मागच्या साली बिबट. मगच माझ्या पोरीले, रोशनीले शाळेत सोडतात. मी म्हटलं, आता मोठा लाईट लावू.
"सिमेंटावर पाय उमटते का वो?" एवढंच म्हणाल्या.
रोज पर्यटकायले मातीतले ठसे दाखवते, अन् घरचीच माती बुजवून राह्यली होती! स्वतःचाच राग आला.

११ नोव्हेंबर
डोक्यात आलं – ओसरीपुढची दहा फूट माती सोडली तर? दाराशी येणाऱ्याले तीवर पाय ठेवावाच लागते. पन्नास फूट, अडीच ब्रास, पंचावन्न हजार. लटारूभाऊ म्हणाले, काम अर्धवट दिसन, लोक मलेच नावं ठेवतीन. ठेवू दे. सासूबाईंनी त्यायले दुसरा चहा दिला.

१८ नोव्हेंबर
ओतलं! रोशनीले बोट लावायचं होतं. लावू दिलं.

२७ नोव्हेंबर, सकाळ
काँक्रीट कोरं. दहा फुटांच्या मातीत बिबटाचे ठसे, ओसरीबाहेरच्या न्हाणीकडे गेलेले. परतीचे नाईत. रोशनी कडी काढतच होती, सासूबाईंनी तिले मागे ओढलं. फॉरेस्टवाले निघाले म्हणतात. तोवर आम्ही तिघी आत.