ऑर्मवेलची शाळा समुद्राकडील इमारतीत पुन्हा न भरविण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
जिल्हा शिक्षण कार्यालय

विषय : शाळा सोमवारपासून जुन्या इमारतीत भरविण्याचा आदेश रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. ५ नोव्हेंबर १९३१.

महोदय,

१. ऑर्मवेल गावाचे सध्याचे चर्च हे तिसरे आहे. आधीची दोन समुद्राने नेली. शाळा या तिसऱ्या चर्चला लागूनच आहे.

२. गेल्या महिन्यात चर्चच्या आवारातील उत्तरेकडील कबरी कड्यासह खाली गेल्या. कबरी खणणारे जोब लाउंडर वाळूतून हाडे वेचून पोत्यात भरीत होते. माणसे कड्यावरून हसत म्हणाली, "जोबकाका, मेलेल्यांना नवं घर देताय, आम्हाला कधी?" ते वर न पाहता म्हणाले, "तुमची पाळी आली की सांगायला मी नसेन, बाबांनो."

३. त्यानंतर शाळेच्या मागे, म्हणजे समुद्राकडे नव्हे तर गावाकडे, जमिनीला भेग पडली. आपल्या तपासनीसांनी ती छत्रीच्या टोकाने चाचपली व मला म्हणाले, "बाई, उन्हाळ्यात माती तडकतेच." तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता, आणि पाऊस पडत होता.

४. मंगळवारी जोब त्या भेगेवर फळी टाकण्यास गेले. त्यांनी मला हाक मारली, "बाई, इथं हात धरा." मी धरला. खालून गार वारा येत होता. त्याला खारट वास होता. मी त्याच क्षणी मुलांना रांगेने बाहेर काढले व श्रीमती क्रॅग्ज यांच्या धान्याच्या कोठारात नेले. जोब मुलांच्या पाट्या आणण्यास परत गेले. इमारत उभी आहे. जोब, त्यांची फळी व अंगणाचा तो भाग नाही. त्यांचे शरीर अद्याप सापडलेले नाही.

५. आपले पत्र काल संध्याकाळी मिळाले. विनापरवानगी स्थलांतराबद्दल त्यात माझा खुलासा मागितला आहे. तो वर दिला आहे.

६. मुले सोमवारीही कोठारातच बसतील. मला बडतर्फ केल्यास नव्या बाईंना कृपया थेट तेथेच पाठवावे.

७. शाळेची किल्ली कार्यालयात जमा करण्याचा आदेश पाळता येत नाही. दाराला कुलूप लावून ती मी भेगेत टाकली. बराच वेळ कान देऊन उभी राहिले. पडल्याचा आवाज आला नाही.

आपली नम्र, परंतु याबाबतीत आज्ञाधारक नसलेली,

हेस्टर स्टॅनिफोर्थ
मुख्याध्यापिका, ऑर्मवेल
दि. ७ नोव्हेंबर १९३१