लाटसाहेबाच्या रक्तात भात

चांदपुरा, कुष्टिया

आदरणीय मोठे मामा,

सलाम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी पाठवलेलं लोणचं पोचलं. बरणी नानीने उशाशी ठेवली आहे, त्यामुळे चव कशी आहे ते मी सांगू शकत नाही. आम्ही बरे आहोत. यंदाचा खोंड, आपला लाटसाहेब, तोही बरा आहे. माझ्या शिक्षणाने खोंड मेला, ही तुमच्यापर्यंत ढाक्याला पोचलेली बातमी खोटी आहे.

गेल्या ईदचा आपला कुर्बानीचा खोंड कुद्दुस दलालाच्या वजन वाढवायच्या गोळ्यांनी कसा फुगला होता, ते तुम्ही पाहिलंत (मांसाने नव्हे, पाण्याने, अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा). म्हणून यंदा मी अडून बसले. गोळी नाही. मोजका युरिया आणि काकवी मुरवलेला पेंढा, हिरवं गवत, थोडा कोंडा आणि मधूनमधून रक्ताची तपासणी. जनावराने काय खाल्लं ते रक्त सांगतं. अब्बा हो म्हणाले, कारण घरात पदवी पहिल्यांदाच आली आहे आणि तिचं काय करायचं ते त्यांना अजून उमगलेलं नाही.

गेल्या सोमवारी लाटसाहेब पोट फुगवून बसला, रवंथ बंद. डॉक्टरांच्या आधी कुद्दुस हजर. “आपा, शेतातलं खत जनावराला घातलंत, आता त्याला शेंगा येतील!” सगळी आळी हसली. अम्मा रडली. अब्बांनी जाहीर केलं, पुढच्या शुक्रवारपासून कुद्दुसच्या गोळ्या. डॉक्टरांनी सोडा पाजून खोंडाला उठवलं आणि रक्त काढलं. ते तपासून घ्यायला मी स्वतः बसने जिल्ह्याला गेले.

मामा, युरिया अगदी हवा तेवढाच होता! वाढलं होतं आम्ल, पोटात भाताचा ढीग पडला की वाढतं ते. आणि मी तर त्याला शीतसुद्धा दिलं नव्हतं.

मी अंगणात उभी राहून सगळ्यांना विचारलं. मग नानी म्हणाली, “एक घास घालते गं. ईदला जायचाय तो, पाहुणा आहे. तू पेंढा चारतेस, मला बघवत नाही.” (नानीचा घास म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेल्या, मीठमिरची घातलेल्या पांता भाताचं पातेलं.) मग शेजारची जोहरा खाला, “मी तर फक्त पेज देते.” इमामसाहेबांच्या घरून खिचडी. प्रत्येकीला वाटत होतं, बिचाऱ्याला आपणच तेवढ्या जगवतो आहोत. शेवटी कुद्दुसची आई उठली. शिळा पुलाव! कुद्दुस तेवढ्यात कुणाच्या तरी शेळीचे दात तपासायला लागला.

मी सांगितलं, लाड करा, पण गवताने करा. आता सगळ्या गवत आणतात. नानी ते निवडून, धुऊन आणते.

कुणी काही म्हणो, मी मागे हटणार नाही. एकही गोळी या गोठ्यात येणार नाही.

तुमची भाची,
मेहेरुन्नेसा

ता. क. अब्बांना रक्ताचं पटलं आहे, पण कुटुंबातल्या मोठ्या पुरुषाने, म्हणजे तुम्ही, हो म्हटल्याशिवाय कुद्दुसला नाही कसं म्हणायचं, असं ते म्हणतात. शुक्रवारच्या आत फोन करून एवढंच म्हणा, “गोळ्या नकोत.” आम्ल वगैरे समजलं नाही तरी चालेल, आवाज मात्र जाड काढा.

ता. क. दुसरा. फोन नाही जमला तरी हरकत नाही. तुम्ही असं म्हणालात, हे मी अब्बांना कालच सांगून टाकलं आहे. तुमचं नाव ऐकताच ते उठून उभे राहिले.