सुरूबेटावरचं एकच घरटं

॥ श्री ॥

सिडको एन-६, छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी २०२५

चि. मनस्विनीला भानुमती आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहायची पाळी तूच आणलीस. घरच्या ग्रुपवरनं तू निघून गेलीस, बेटावर रेंज नाही म्हणतेस, आणि तुझा बाप तर बोलतच नाही. तुझ्याशी नाही म्हणजे माझ्याशीपण नाही. वर्ष झालं, घरात आम्ही दोघं म्हातारी आणि तिसरा टीव्ही. बोलतो तो तिसराच.

सगळे विचारतात, मनू काय करते. मी काय सांगू? एमएस्सी प्राणिशास्त्र, फर्स्ट क्लास, आणि सध्या कोकणातल्या एका बेटावर रिसॉर्टच्या पाहुण्यांना सकाळी वाळूत फिरवते, संध्याकाळी खेकड्यांवर भाषण देते. समोरच्या मंजुषा वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे गाइड का, वेरूळला असतात तशी? मी म्हटलं, वेरूळच्या गाइडकडं दाखवायला निदान लेणी तरी आहेत.

कासव बघायला समुद्रावर जावं लागतं हे मला या वयात कळलं. खुलताबादच्या वाटेवर आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव आहे. आजोबांच्या आजोबांपासून तिथंच आहे. कुणाला त्याच्यावर भाषण द्यावं लागलं नाही. लोक येतात, हात लावतात, पुढं जातात.

बापानं घातलेली अट लक्षात असू दे. या मोसमात तुझ्या बेटावरनं कासवाचं एक जरी पिल्लू समुद्रात गेलं तर तू तिथंच राहायचं. नाही गेलं तर एप्रिलमध्ये गपचूप घरी यायचं आणि सत्यम सरांच्या नीटच्या क्लासात बायॉलॉजी शिकवायची. सरांनी जागा धरून ठेवलीय. मागच्या वर्षी काय झालं ते तुलाच माहीत, म्हणून मी तुझी खोली झाडून ठेवलीय.

खोकला असेल तर काढा घे. लोभ जेवढा आहे तेवढ्यावर भागव, जास्त मागू नकोस.

तुझी,
भानुमती आत्या

•

सुरूबेट
२७ जानेवारी २०२५

ती. आत्याला शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र होडीतनं आलं, पाव आणि कांद्याच्या पोत्याबरोबर. कांदा बहुतेक आपल्या वैजापूरचाच असावा, कारण पत्राला तिखट वास होता.

तू माझ्या कामाची टिंगल करतेस, पण कमी पडतेस. मी सांगते ना. सकाळी साडेसहाला माझी फेरी निघते. वीस माणसं. त्यातली सतरा पांढऱ्या बुटांत येतात आणि वाळू बुटात गेली म्हणून तक्रार करतात. परवा एका गृहस्थानं विचारलं की इथं वाघ कितीला दिसतो. मी म्हटलं, बेटावर वाघ नाही. तो म्हणाला, मग जंगल कसलं? जंगल नाहीच, सुरूची झाडं आहेत, तीही लावलेली. हे ऐकून त्याला फसवल्यासारखं वाटलं. एक बाई कासवाच्या अंड्याचं आम्लेट कसं लागतं ते विचारत होत्या. वर म्हणाल्या की आपण शाकाहारी आहोत, फक्त माहिती म्हणून.

संध्याकाळचं भाषण जेवणाच्या हॉलमध्ये होतं. मी पडद्यावर माशांची चित्रं दाखवते आणि माझ्याकडं पाठ करून चाळीस माणसं पनीर वाढून घेतात. आमचे मॅनेजर हिमांशू सर म्हणतात, माहिती कमी कर, जादू जास्त कर. सरांनी आजवर पूर्ण भाषण ऐकलेलं नाही. जादू तेवढी ऐकू येते म्हणतात.

आता खरी बातमी. एकवीस तारखेला पहाटे फेरीच्या आधी वाळूत माग दिसला. ट्रॅक्टरचं छोटं चाक गेल्यासारखा, समुद्रातनं वर आणि वरनं परत समुद्रात. आत्या, मी उकिडवी बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. एकशेआठ अंडी. या मोसमातलं पहिलं घरटं आणि बहुतेक शेवटचंच. अंडी मी जागेवरच ठेवली, वर वीतभर वाळूखाली मोठ्या भोकांची जाळी पुरली, म्हणजे पिल्लं निघतील पण कुत्र्यांना सहज उकरता येत नाही. मग माडाची झावळी घेऊन सगळा माग पुसून टाकला. माग पुसणं हेच माझं मुख्य काम, बाकी नुसती बडबड. माग राहिला की माणूस येतो, माणूस आला की त्याच्या मागनं कुत्रं येतं.

हिमांशू सर चिडले. माग ठेवला असता तर पाहुण्यांना फोटो काढता आले असते, म्हणाले. मागच्या वर्षी हेच झालं होतं. एकानं जागेचा फोटो टाकला, रविवारी पन्नास माणसं आली, कुणी वेफर्स सांडले, आणि सोमवारी कुत्र्यांनी सगळं उकरलं. मी टरफलं गोळा केली. या वेळी जागा फक्त मला माहीत आहे.

पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. तोवर खोली झाडू नकोस, धूळ बसू दे. बाबांना नमस्कार सांग, ते घेणार नाहीत तरी.

माया पातळ करू नकोस, घट्टच बरी.

तुझी,
मनू

(समासात, लाल पेन्सिलीनं: २१ जाने. + ४५ = ७ मार्च. + ६० = २२ मार्च.)

•

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
६ फेब्रुवारी २०२५

चि. मनूला आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. मी वाचून टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बघते तर समासात लाल पेन्सिल. तीस वर्षं वैजापूरच्या तहसील ऑफिसात माणसांच्या अर्जांवर लाल रेघा मारल्या, आता मुलीच्या पत्रावर. मी विचारलं, अनंता, वाचलंस का? तो म्हणाला, पेन्सिलीला टोक आहे का बघत होतो. एवढंच बोलला. पण बोलला.

आमचं भजनी मंडळ कोकणात निघालंय. बावीस बायका, मंजुषा वहिनी पुढारी. पंधरा तारखेला शनिवारी सकाळी तुझ्या बेटावर उतरणार. तुझी फेरी आम्हाला पण लागू कर. बूट कुणाचेच पांढरे नाहीत, चपला आहेत. चकल्या, भडंग, धपाटे आमचे आम्ही आणतो, तुमच्या पनीरला हात लावणार नाही.

ते घरटं मला दाखव. मला म्हणजे मलाच, बाकीच्यांना नको. करमाडच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं पोरांना कासवाचं चित्र काढायला लावलं, अंडं कधी बघितलं नाही. सख्ख्या आत्याला एवढं तरी दाखवशील ना?

बाकी भेटीत. ओढ आहे असं समजू नकोस, सहल आहे.

तुझी,
आत्या

•

सुरूबेट
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याला शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गेलात आणि बेट पुन्हा बेट झालं. बावीस बायकांनी होडीतनं उतरायला पाऊण तास घेतला. पक्षी दाखवायला मी बोट वर केलं की मंजुषा काकू त्या बोटाचाच फोटो काढत होत्या. समुद्रगरुड दोन वेळा डोक्यावरनं गेला, तेव्हा मंडळ हिशोब करत होतं की धपाटे कुणाच्या पिशवीत राहिले. मी शंखांबद्दल सांगत असताना तुम्ही अभंग सुरू केलात. मान्य आहे, तो माझ्या भाषणापेक्षा बरा होता. हिमांशू सरांनी दर शनिवारी भजन ठेवू का म्हणून मला विचारलंय.

आता ऐक. रविवारी सकाळी मी किनाऱ्यावर गेले तर तुला दाखवलेल्या जागेवर हळदकुंकू, खणाचा तुकडा, खोबऱ्याची वाटी आणि खव्याचे पेढे. मंडळ चहा पीत असताना तू पाय मोकळे करायला गेली होतीस, तेव्हाचं काम. पेढ्याचं खोकं गुलमंडीच्या दुकानाचं होतं, त्यामुळं तपास सोपा गेला. आत्या, तू शिक्षिका होतीस. कुत्रं नारळ आणि पेढे सोडतं का? तीन कुत्र्यांनी हातभर खड्डा केला होता. खण सुरूच्या झाडाला लटकत होता.

घाबरू नकोस. त्या खड्ड्यात काहीच नव्हतं.

ते घरटं नव्हतंच. मीच फावड्यानं केलेली खोटी जागा आहे ती. रोज फेरीत वीस माणसं तिथं उभी करते, तोंडावर बोट ठेवते आणि सांगते की खाली एकशेआठ जीव झोपलेत. माणसं रिकाम्या वाळूसमोर कुजबुजतात, डोळे भरून येतात, फोटो काढतात आणि जातात. हिमांशू सरांनाही तीच जागा माहीत आहे. खरं घरटं दुसरीकडं आहे आणि ठीक आहे.

तुला का फसवलं ते विचारशील. तू माझी खोली झाडून ठेवली होतीस म्हणून. मी घरी यावं असं जिला वाटतं, तिला मी जागा कशी दाखवू? तू काही करशील असं म्हणत नाही. पण तू पेढे ठेवलेस. चांगल्या मनानं ठेवले असशील तरी कुत्र्याला मन कळत नाही. खरी जागा दाखवली असती तर कुत्रे जाळीपर्यंत पोचले असते, आणि पुढचं मला बघायचं नाही.

रागावलीस तर रागाव. मला माझा पाहुण्यांना दाखवायचा चेहरा तुला दाखवावा लागला, याचं मात्र वाईट वाटलं.

जपून राहा, आणि जमलं तर माझ्यावर थोडा जीव शिल्लक ठेव.

मनू

(समासात, लाल पेन्सिलीनं, ‘तुला का फसवलं’ या परिच्छेदाला रेघ: बरोबर.)

•

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर
९ मार्च २०२५

मनस्विनीस,

आशीर्वाद खाली दिलेत, आधी वाच.

पत्र आल्यावर बारा दिवस मी उत्तर दिलं नाही. पांढऱ्या बुटांच्या रांगेत उभं केलंस मला. आम्लेटवाल्या बाईच्या आणि वाघवाल्याच्या मधे. मी त्या वाळूसमोर चपला काढून उभी राहिले होते, मने. मोठ्यांदा श्वास घेतला नाही, आत जीव आहेत म्हणून. आणि तू शेजारी तोंडावर बोट ठेवून उभी. नाटक बरं करतेस. सत्यम सरांच्या क्लासात फुकट गेली असतीस.

चार दिवस नुसती जळत होते. पाचव्या दिवशी देवळात गेले, आणि दगडाच्या कासवासमोर खोटं बोलता येईना. म्हणून तुला खरं लिहिते. हे अनंतालापण सांगितलेलं नाही, पण तो हे वाचणारच.

ती हळदकुंकवाची पूजा तू समजतेस तशी नव्हती. मी तिथं बसून मागितलं की यातलं एकही निघू नये. पोरगी घरी येऊ दे. पेढे ठेवले आणि सांगितलं की ती घरी आली की अकरा ब्राह्मण जेवायला घालीन. तुझ्या आईला जाऊन चार वर्षं झाली, घरात कुणी हसत नाही, मला दुसरं काही सुचलं नाही. एकशेआठ जिवांच्या डोक्यावर बसून मी हे मागितलं. शिक्षिका बाई!

आणि ते सगळं तुझ्या रिकाम्या खड्ड्यात गेलं. तिथलं तीन कुत्र्यांनी खाल्लं. ऐकायचं त्यांनी ऐकलं असेल.

तेव्हा तू केलंस ते बरोबर केलंस. हे मी एकदाच लिहिणार आहे, पुन्हा विचारू नकोस. माझ्यावर भरवसा ठेवला नाहीस म्हणून मी तुला सोडणार नाही, आणि ठेवला नाहीस म्हणून तू वाचलीस.

अनंतानं कॅलेंडरवर सात मार्चपासून बावीसपर्यंत लाल गोल केलेत. काल सकाळी बॅग काढली. मी विचारलं, कुठं? म्हणाला, तपासणीला. मोडक्या छत्रीसकट निघालाय. हे पत्र त्याच्याच हातात देते. पाकीट चिकटवलंय, पण तो वाफेवर उघडील, जुनी सवय आहे. पाव चहात बुडवून दे, त्याला दात नाहीत. आणि एक सांगते, त्याला खरी जागा दाखव. तो लोकांच्या जमिनीच्या हद्दी बघत म्हातारा झालाय, खोटी जागा त्याला लगेच कळेल.

वर राहिलेले आशीर्वाद इथं घे. पूर्वीपेक्षा एक कमी आहे, तो वसूल होईल तेव्हा देईन.

आत्या

•

सुरूबेट
१५ मार्च २०२५

ती. ताईस अनंताचा शि. सा. न. वि. वि.

खुशाल पोचलो. होडीवाल्यानं छत्री पाण्यात पाडली, ती गेली.

इथली माणसं बघितली. मनू कमीच लिहीत होती. तिच्या भाषणाला मी पहिल्या खुर्चीवर बसलो. मागं एक इसम शेजाऱ्याशी मोठ्यांदा बोलत होता, त्याला उठून सांगितलं की तुमचा अर्ज बाहेर चालेल, इथं नाही. तो गेला. मॅनेजरनं मला कोण आपण विचारलं. मी म्हटलं, पाहणी. त्यानं मला दोन दिवस चहा फुकट दिला. भाषण बरं होतं. तिचा आवाज तिच्या आईसारखा येतो हे मला माहीत नव्हतं.

काल धुळवड. सगळे पाहुणे पोहण्याच्या तलावावर रंग खेळत होते, गाणी लावून. किनाऱ्यावर आम्ही दोघंच. संध्याकाळी पावणेसहाला वाळू हलली. एकशेआठपैकी ब्याण्णव निघाली. मी स्वतः मोजली, दोनदा. त्यातलं एक उलट्या दिशेनं, डोंगराकडं निघालं होतं. मनू म्हणाली हात लावू नका, ते वळेल. मी त्याच्यापुढं नुसता उभा राहिलो. वळलं.

सगळी पाण्यात गेल्यावर मनूनं मला झावळी दिली. वाळूभर बारीक बारीक माग होते. तीस वर्षं मी नोंदी केल्या, ताई, एक कधी खोडली नाही. काल सगळ्या खोडल्या. शेवटी आमच्या दोघांच्या पावलांच्यासुद्धा.

सत्यम सरांना कळव, मुलगी येणार नाही. तूच कळव, मला बोलायला लावू नकोस. अकरा ब्राह्मणांचं रद्द समज, नवस पुरा झालेला नाही. मी सोमवारी निघतो. मनूचा नमस्कार. तुझ्यासाठी तिनं फुटलेलं एक टरफल दिलंय, रुमालात आहे.

आता ब्याण्णव गेल्यावर तू विचारशील की जागा कुठली होती. मोसम पुढच्या वर्षीही येतो. कुणाला सांगणार नाही, तुला तर नाहीच.

राग असेल तर घरी आल्यावर काढ, तोवर माझा चहाचा कप धुऊन ठेव.

तुझा,
अनंता